पंचवीस की बावन्न? बाइटांच्या क्रमाचा आणि विस्कटलेल्या चित्रांचा इतिहास

आजचा धागा संगणकाच्या इतिहासातील एका भांडणाचा आहे. भांडण वरवर पाहता क्षुल्लक: संख्या साठवताना तिचा मोठा भाग आधी ठेवायचा की लहान? परंतु या एका प्रश्नाने दुर्बिणींची चित्रे, रुग्णांच्या शरीराचे छेद आणि आपल्या सह्याद्रीचे उंचीनकाशे या सर्वांना कधी ना कधी वेठीस धरले आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी आपल्याच भाषेकडे पाहू. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात, वीस मागाहून. लिहिताना मात्र २ आधी, ५ नंतर. 'एकशे पंचवीस' तर त्याहून चमत्कारिक: आधी शतक, मग एकक, शेवटी दशक. लहानपणी हा क्रम अंगवळणी पडतो, म्हणून पुढे तो जाणवत नाही. मराठी नव्याने शिकणाऱ्याला विचारा, तो कपाळावर हात मारून घेतो.

मोडी कागदपत्रे वाचणाऱ्यांना हा अनुभव आणखी एका दाराने येतो. मराठेशाहीतील पत्रांत सुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. 'समान सबैन व अलफ' म्हणजे आठ, सत्तर आणि हजार, अर्थात १०७८. इसवी सनाच्या हिशेबाने १६७७-७८. इथे एकक सर्वांत आधी आणि हजार सर्वांत शेवटी. संस्कृतातील भूतसंख्यांचाही नियम असाच आहे, अंकांची चाल उजवीकडून डावीकडे. वेद म्हणजे चार आणि चंद्र म्हणजे एक. 'वेद-चंद्र' असे लिहिले असेल तर ते एक्केचाळीस नव्हे, चौदा. नियम ठाऊक नसलेला वाचक अक्षर न् अक्षर बिनचूक वाचतो आणि तरीही साल चुकवतो.

संगणकाच्या स्मृतीत नेमके हेच घडते.

एका बाइटात ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात. त्याहून मोठ्या संख्येसाठी दोन बाइट लागतात. सोयीसाठी असे समजू, की पहिला बाइट २५६-२५६ चे पुरे गठ्ठे मोजतो आणि दुसरा उरलेले सुटे. १००० म्हणजे ३ गठ्ठे आणि २३२ सुटे. काही यंत्रे आधी गठ्ठे लिहितात: ३, २३२. काही आधी सुटे लिहितात: २३२, ३. दोन्ही पद्धती आपापल्या घरी निर्दोष आहेत. अडचण येते ती एकाने लिहिलेले दुसऱ्याने वाचताना. २३२ गठ्ठे आणि ३ सुटे असे वाचले, की १००० चे ५९,३९५ होतात. यंत्र तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ५९,३९५ ही अगदी सभ्य संख्या आहे.

या दोन रीती आल्या कोठून? आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. आठ बिटांचा बाइट जगभर रूढ होण्यात या मालिकेचा मोठा वाटा आहे. तिने मोठे टोक आधी ठेवले, म्हणजे माणूस कागदावर जसे लिहितो तसेच. दुसऱ्या रीतीमागे तितकेच सरळ कारण होते. बेरीज आपण एककापासून करतो, कारण हातचा पुढे न्यायचा असतो. टेक्सासमधील सॅन अँटोनिओच्या कॉम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशनने बनवलेले डेटापॉइंट २२०० हे यंत्र एका वेळी एकेक बिट हाताळत असे; त्याला लहान टोक आधी मिळणे सोयीचे होते. त्याच यंत्रासाठी इंटेलने एका चकतीवर प्रक्रियक बसवण्याचे काम घेतले. यंत्रात तो शेवटी वापरला गेला नाही, परंतु १९७२ साली तो ८००८ या नावाने बाजारात आला. त्याच्याच वंशात १९७८ चा ८०८६ जन्मला आणि आज आपल्या टेबलावरील बहुतेक संगणक त्याच घराण्यातील आहेत. एका विस्मृत टर्मिनलाची सोय अशी पन्नास वर्षे पुरली.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या १९७० च्या पीडीपी-११ ने सोळा बिटांत लहान टोक आधी ठेवले, पण बत्तीस बिटांची संख्या लिहिताना मोठा अर्धा भाग पुढे आणि प्रत्येक अर्ध्याच्या पोटात मात्र लहान टोक आधी, असा मिश्र क्रम काही ठिकाणी वापरला. थोडक्यात, आपले 'एकशे पंचवीस'. या क्रमाला लोक पुढे कुत्सितपणे 'मधले टोक आधी' म्हणू लागले. मराठी माणसाने त्याला फार हसू नये. मोटोरोलाचा १९७९ चा ६८००० हा प्रक्रियक मोठ्या टोकाच्या बाजूचा. १९८४ चे मॅकिंटॉश त्याच्यावरच उभे राहिले.

भांडणाला नाव मिळाले १ एप्रिल १९८० रोजी. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीविज्ञान संस्थेतील डॅनी कोहेन यांनी त्या दिवशी एक टिपण प्रसृत केले. विषय बाइटांचा, शीर्षकात मात्र धर्मयुद्धे आणि शांततेची याचना. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून लिलिपुट आणि ब्लेफुस्कू ही राज्ये लढतात. कोहेन यांनी तीच नावे संगणकांना दिली: मोठ्या टोकाचे ते बिग-एंडियन, लहान टोकाचे ते लिटल-एंडियन. तारीख पाहून कोणी ते विनोद म्हणून बाजूला ठेवले असेल तर त्याचे नुकसान झाले, कारण आतील युक्तिवाद कडक आहे. कोणता क्रम निवडला यापेक्षा सर्वांनी एकच निवडला हे महत्त्वाचे, आणि वाटल्यास नाणेफेक करा, असे त्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबर १९८१ मध्ये आयईईईच्या 'कॉम्प्युटर' मासिकाने ते टिपण छापले. नाणे कोणी उडवले नाही.

आता चित्रांकडे वळू. साध्या छायाचित्रात प्रत्येक बिंदूची तीव्रता एका बाइटात मावते. एकच बाइट असेल तर त्याचा क्रम काय बदलणार? म्हणून घरगुती चित्रांना हा रोग सहसा बाधत नाही. बाधतो तो शास्त्रीय चित्रांना. खगोलशास्त्रज्ञाला आकाशाचा काळोख आणि ताऱ्याचा झगमगाट एकाच पटावर मोजायचा असतो, वैद्याला हवा आणि हाड. तिथे प्रत्येक बिंदूला दोन किंवा अधिक बाइट द्यावे लागतात आणि भांडण घरात शिरते.

असे चुकीच्या क्रमाने वाचलेले चित्र दिसते कसे? समजा दीर्घिकेची एक मंद प्रभा आहे, बिंदूंची मूल्ये १०००, १००१, १००२ अशी हळूहळू वाढताहेत. उलट्या क्रमात १००० चे ५९,३९५ होतात, १००१ चे ५९,६५१. प्रत्येक पायरी एकाऐवजी २५६ ची. असे चढत चढत १०२३ चे ६५,२८३ होतात आणि लगेच पुढच्या बिंदूत, १०२४ ला, आकडा कोसळून ४ वर येतो, कारण १०२४ म्हणजे ४ गठ्ठे आणि शून्य सुटे. जिथे मऊ उतार होता तिथे करवतीचे दाते उगवतात. पडद्यावर समोच्च रेषांसारखे पट्टे उमटतात आणि मधे मीठ-मिरी फेकल्यासारखे ठिपके. अनुभवी डोळा हे लक्षण पाहताच रोग ओळखतो.

मात्र काही वेळा लक्षण दिसतच नाही. चित्र फार फिके असेल, सगळी मूल्ये २५६ च्या आत असतील, तर प्रत्येक संख्येत गठ्ठे शून्य असतात. उलटवले की सुट्यांचेच गठ्ठे होतात, म्हणजे प्रत्येक बिंदू बरोबर २५६ पट. चित्र दाखवणारी आज्ञावली उजेड आपोआप जुळवून घेत असेल, तर डोळ्यांना तेच चित्र दिसते. फक्त ताऱ्याचे तेज २५६ पटींनी खोटे. मला विचाराल तर विस्कटलेल्या चित्रापेक्षा हे अधिक भयावह आहे.

खगोलशास्त्रज्ञांनी या दुखण्यावर औषध शोधले ते कोहेन यांच्या टिपणाच्याही आधी. सत्तरच्या दशकात निरीक्षणे चुंबकीय फितींवर साठवली जात आणि दुसऱ्या वेधशाळेला हवी असल्यास ती फीत टपालाने जाई. प्रत्येक वेधशाळेची मांडणी वेगळी, यंत्र वेगळे. दहा वेधशाळांना एकमेकींच्या फिती वाचायच्या असतील तर नव्वद भाषांतरक आज्ञावल्या लागतील. सर्वांनी मधे एक समान मांडणी मानली तर वीस पुरतील: प्रत्येकीला एक लिहिण्यासाठी, एक वाचण्यासाठी. हा साधा हिशेब होता. त्यातून १९७९ साली किट पीक वेधशाळेचे वेल्स आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेचे ग्राइसेन यांनी फिट्स या मांडणीचा पाया घातला. नेदरलँड्सच्या बाजूने हार्टेन त्यांना येऊन मिळाले. तिघांचा लेख १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ती मांडणी उचलून धरली.

त्या काळची यंत्रे किती निरनिराळी होती याची कल्पना फिट्सच्या एका आकड्यावरून येते. फाइलचा प्रत्येक तुकडा २८८० बाइटांचा. का? २८८० बाइट म्हणजे २३,०४० बिट; या संख्येला १२, १६, १८, २४, ३२, ३६, ६० आणि ६४ या सर्वांनी नि:शेष भाग जातो. तेव्हाच्या संगणकांच्या 'शब्दां'च्या लांब्या याच होत्या. आरंभीच्या चाचण्यांतच एका टोकाला बत्तीस बिटांचे आयबीएम ३६० होते, तर दुसऱ्या टोकाला साठ बिटांचे सीडीसी ६४००. कोणाच्याही यंत्रात शब्द मधेच तुटू नये म्हणून ही तडजोड. ऐंशी अक्षरांची एक ओळ, अशा छत्तीस ओळी: छिद्रांकित कार्डाची रुंदी त्यात अजून जिवंत आहे. त्या ओळींत साध्या अक्षरांत लिहिलेले असते की चित्र किती बिंदू रुंद, किती उंच, एका बिंदूला किती बिट.

बाइटांच्या क्रमाबाबत फिट्सने मुळीच पर्याय ठेवला नाही. मोठे टोक आधी, सर्वांसाठी, नेहमीसाठी. आणि इथे इतिहासाने एक खोडी काढली. ऑक्टोबर १९७७ मध्ये आलेला व्हॅक्स-११/७८० हा संगणक पुढल्या दशकात वेधशाळांचा लाडका झाला, आणि तो निघाला लहान टोकाच्या पक्षाचा. त्यामुळे खगोलशास्त्रज्ञ प्रत्येक चित्र वाचताना बाइट उलटवीत आणि लिहिताना पुन्हा उलटवीत. आज त्यांच्या टेबलावर इंटेलच्या किंवा एआरएमच्या कुळातील यंत्रे आहेत, तीही लहान टोकाचीच, आणि उलटापालट अजून चालू आहे. वेळ वाया जातो खरा. परंतु १९८० च्या सुमाराची फिट्स फाइल आजही कोणाला काही न विचारता उघडते, कारण एकदा मान्य झालेली फिट्स फाइल पुढे कधीही अमान्य ठरवायची नाही असा त्या मंडळींचा दंडक आहे. याच टिकाऊपणावर भरवसा ठेवून व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपल्या जुन्या हस्तलिखितांच्या अंकीय प्रती जतन करण्यासाठी फिट्स निवडले. खगोलशास्त्राचे साधन चर्मपत्रांच्या कामी आले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने याची नोंद घ्यावी.

आपल्याकडेही हा धागा येऊन पोहोचतो. नारायणगावजवळ खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस ॲन्टेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिची मूळ नोंद एलटीए नावाच्या स्वतःच्या मांडणीत होते, आणि संशोधकांच्या हाती देण्याआधी 'लिस्टस्कॅन' व 'जीव्हीफिट्स' या आज्ञावल्यांनी ती फिट्समध्ये उतरवली जाते. खोडदच्या शेतांवरून गोळा झालेल्या रेडिओलहरी अशा रीतीने १९७९ च्या त्या करारात सामील होतात.

इथे कोणी विचारील: बाइट उलटले असतील तर पुन्हा उलटवावे, यात एवढे काय? उलटवणे खरोखरच सोपे आहे. पीडीपी-११ मध्ये त्यासाठी 'स्वॅब' नावाची एक स्वतंत्र आज्ञाच होती. युनिक्सच्या 'डीडी' या उपकरणात ते नाव अजून टिकून आहे. एका ओळीत संपूर्ण फाइलमधील बाइटांच्या जोड्या उलटतात. पण संपूर्ण फाइल उलटवणे हीच चूक आहे. फाइलीत नुसत्या संख्या नसतात, अक्षरेही असतात, आणि अक्षर एका बाइटाचे असल्याने त्याला उलटवायचे नसते. उलटवले तर फिट्सचा आरंभीचा 'सिंपल' हा इंग्रजी शब्द 'इस्पमेल' असा काहीतरी होऊन बसतो. दुखण्याचे जुने टोपणनावच मुळी 'नक्सी' आहे: युनिक्स या नावाची चार रोमन अक्षरे जोडीजोडीने उलटवली की नक्सी होते.

शिवाय सोळा बिटांच्या संख्येत दोन-दोन बाइट उलटतात, बत्तीस बिटांच्या संख्येत चार-चार, चौसष्टात आठ-आठ. कोठे अक्षरे संपतात, कोठून कोणत्या लांबीच्या संख्या सुरू होतात, हे कळल्याखेरीज दुरुस्ती करता येत नाही. आणि एकाने दुरुस्त केलेली फाइल दुसऱ्याने न विचारता पुन्हा 'दुरुस्त' केली, की आजार परत. म्हणजे प्रश्न उलटवण्याचा नसून उलटवावे की नाही हे जाणण्याचा आहे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर हे साधनचिकित्सेचे काम आहे: लिहिणारा कोण, कोणत्या दफ्तराचा, कोणत्या सनाने मोजणारा.

कधी लिहिणाऱ्याने काहीच नोंदवलेले नसते. तेव्हा अंतर्गत पुराव्यावर भिस्त. चित्रात शेजारचे बिंदू बहुधा एकमेकांसारखे असतात. म्हणून चित्र दोन्ही क्रमांनी वाचावे आणि ज्या वाचनात शेजाऱ्यांमधील फरक लहान पडतो ते खरे धरावे. मेंदूच्या चित्रांसाठी मेयो क्लिनिकमध्ये घडलेल्या 'ॲनालाइझ' या मांडणीत बाइटांचा क्रम सांगणारी जागाच नव्हती. वाचणाऱ्यांनी मग युक्ती काढली. त्या फाइलीच्या आरंभीची संख्या म्हणजे शीर्षभागाची लांबी, आणि ती ३४८ असायलाच हवी. तिच्या जागी १,५४,३५,६९,४०८ दिसले, की समजायचे: फाइल परक्या यंत्रावरची आहे, उलटवून वाचा. दीडशे कोटी बाइटांचा शीर्षभाग कोणी लिहीत नाही!

वैद्यकात चुकीची किंमत वेगळी असते. सीटी स्कॅनमध्ये पाण्याला शून्य आणि हवेला उणे १००० हे मूल्य देतात; घट्ट हाड हजार-दोन हजारांच्या घरात जाते. दोन बाइटांत उणे १००० लिहायचे तर ते ६५,५३६ मधून हजार वजा करून, म्हणजे ६४,५३६ असे लिहितात: २५२ गठ्ठे, २४ सुटे. उलटे वाचले की २४ गठ्ठे, २५२ सुटे, म्हणजे ६,३९६. फुप्फुसातील हवा हाडाहून कितीतरी घट्ट झाली. १९९३ च्या डायकॉम मानकाने म्हणून क्रम ठरवून दिला. दोन यंत्रांनी बोलण्यापूर्वी कोणत्या पद्धतीने बोलायचे हे आधी ठरवून घ्यायचे आणि काहीच ठरले नाही तर लहान टोक आधी. मोठ्या टोकाचा पर्यायही ठेवला होता. तो २००६ मध्ये निवृत्त करण्यात आला.

छपाईच्या जगाने तिसराच मार्ग काढला आणि तो मला सर्वांत चतुर वाटतो. सिएटलची अल्डस कंपनी पेजमेकर या आज्ञावलीमुळे प्रसिद्ध होती. नाव घेतले होते व्हेनिसचा मुद्रक अल्डस मॅन्युशियस याचे. स्कॅनरमधून येणाऱ्या चित्रांसाठी तिने १९८६ मध्ये टिफ ही मांडणी जाहीर केली. गिऱ्हाइकांत मॅकिंटॉशवाले होते, म्हणजे मोटोरोला. आणि आयबीएम पीसीवालेही होते, म्हणजे इंटेल. एका पक्षाला कायम उलटापालट करायला लावणे परवडणारे नव्हते. तेव्हा टिफने सांगितले: तुमच्या घरच्या क्रमाने लिहा, फक्त पहिल्या दोन बाइटांत तो कोणता ते नोंदवा. इंटेलच्या क्रमासाठी 'आय' हे रोमन अक्षर दोनदा, मोटोरोलाच्या क्रमासाठी 'एम' दोनदा.

दोनदाच का? क्रम सांगणारी खूणच उलटी वाचली गेली तर? म्हणून दोन्ही बाइट सारखे. उलटले तरी तेच. त्यानंतर येते ४२ ही संख्या, फाइलीत सांगितलेल्या क्रमाने लिहिलेली. वाचणाऱ्याला ४२ दिसले तर समज बरोबर. १०,७५२ दिसले तर कोठेतरी गफलत आहे, कारण ४२ गठ्ठे म्हणजे १०,७५२. बेचाळीसच का, याचे कारण मानकाच्या एका जुन्या आवृत्तीत गंभीर चेहऱ्याने दिले आहे: या संख्येचा गहन तात्त्विक अर्थ. डग्लस ॲडम्सच्या वाचकांना अधिक सांगायला नको.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण आपल्या गडकोटांशी निगडित आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर अवकाशयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली. एसआरटीएम म्हणून ती माहिती सर्वांना खुली आहे आणि किल्ल्यांचे उठावनकाशे काढणारे कित्येक हौशी तीच वापरतात. एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांश एवढ्या चौकोनाची एक फाइल. अठरा उत्तर, त्र्याहत्तर पूर्व या चौकोनात पुणे, सिंहगड, राजगड, तोरणा आणि रायगड असे सगळे एकत्र येतात. जाडसर आवृत्तीत १२०१ ओळी, प्रत्येकीत १२०१ उंच्या, प्रत्येक उंचीला दोन बाइट. आणि एवढेच. शीर्षभाग नाही, खूण नाही, ४२ नाही. मोठे टोक आधी ही गोष्ट सोबतच्या माहितीपत्रकात आहे; फाइलीत कोठेही नाही.

ते पत्रक न वाचता आपल्या लॅपटॉपवर थेट वाचले तर? तोरण्याचे १४०३ मीटर म्हणजे ५ गठ्ठे, १२३ सुटे. उलटे वाचून ३१,४९३ मीटर, एव्हरेस्टच्या साडेतीन पट. सिंहगडाचे १३१२ चे ८,१९७ होतात. आणि रायगडाचे ८२० चे १३,३१५. म्हणजे रायगड सिंहगडाच्या डोक्यावरून पाहू लागतो! सातशे मीटरची एखादी सोंड तर १७,४०६ मीटर जमिनीखाली जाते, कारण सुट्यांचा बाइट १२७ च्या वर गेला की उलट्या वाचनात संख्या ऋण होते. समुद्र तेवढा शून्यावर स्थिर राहतो. शून्याला पुढचे-मागचे टोक नाही.

तोरणा आकाशात गेला तर कोणीही हसून फाइल दुरुस्त करील. पण कोकणच्या सखल पट्टीचा एखादा तुकडाच कापून घेतला असेल, सगळ्या उंच्या १२८ च्या आत, तर मघाच्या फिक्या ताऱ्यांसारखेच होते: आकार तोच, उतार २५६ पट. आणि अजून एक. उभ्या कड्यांच्या आड रडार पोहोचले नाही तिथे मूळ फाइलीत 'माहिती नाही' या अर्थाने उणे ३२,७६८ लिहिले होते. ही संख्या बाइटांत १२८ आणि ० अशी बसते. उलटली की उरते निव्वळ १२८. जिथे मोजमापच झाले नाही, तिथे एकशे अठ्ठावीस मीटरची साळसूद टेकडी.

मग हे युद्ध जिंकले कोणी? यंत्रांच्या रणात लहान टोकाने. ॲपलने १९९४ पासून ६८००० च्या जागी पॉवरपीसी आणले, तेही मोठ्या टोकाचे. परंतु २००६ मध्ये इंटेलकडे वळताना बाजू बदलली आणि आज्ञावली लिहिणाऱ्यांना आपल्या जुन्या फाइली वाचण्याचे मार्ग तपासत बसावे लागले. फाइलींच्या रणात मात्र दोन्ही ध्वज फडकत आहेत. इंटरनेटचा स्वतःचा क्रम मोठ्या टोकाचा. १९९६ चे पीएनजी मोठ्या टोकाचे, १९८७ चे जिफ लहान टोकाचे, विंडोजचे बीएमपी लहान टोकाचे.

आणि एकाच फाइलीत दोन्ही पाहायचे असतील तर आपला मोबाइल पुरेसा आहे. जेपेग छायाचित्राचे बाहेरचे कवच मोठ्या टोकाने मोजते. त्याच्या पोटात तारीख, भिंगाचा तपशील, कधी ठिकाण सांगणारा एक्झिफ हा भाग असतो. जपानी उद्योगसंघटनेने १९९५ मध्ये तो रचला तेव्हा टिफचीच चौकट उचलली, त्यामुळे तिथेही दोन अक्षरांची ती खूण लागते. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल घ्या (व्हॉट्सॲपवरून आलेली नको, तिथे हा भाग गळून पडतो) आणि बाइट उघडून दाखवणाऱ्या एखाद्या साधनात पाहा. एक्झिफ आरंभीच असेल तर तेरावा आणि चौदावा बाइट म्हणजे ती खूण. कॅननच्या कॅमेऱ्यात बहुधा 'आय' दोनदा दिसेल. आयफोनमध्ये 'एम' दोनदा: आतला प्रक्रियक लहान टोकाचा, आणि छायाचित्रावर मोहोर मात्र मोटोरोलाची.